बाशिंग आणि भंडारा

कोल्हापुरात दोन तालमींचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं, की त्यात काय काळंबेरं आहे ते तिसरी तालीम शोधायला लागते. फुटबॉलच्या मैदानावर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पुढे पोरं संगणकावर खेळायला लागली. खेळ बदलला, भांडण मात्र तेच राहिलं. तांबड्या मातीच्या हौद्याला लागून असलेल्या खोल्यांत मोठाले पडदे लागले, गार हवेची यंत्रं बसली. म्हाताऱ्या वस्तादांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग 'काय खेळायचं ते खेळा, पण हरून दारात येऊ नका' असा दम भरला.

खेळाचं नाव 'कडेलोट'. पाचांनी गड चढायचा, पाचांनी तो राखायचा. नियम कुणाचे, तर यजमानाचे. ज्या तालमीत स्पर्धा, त्या तालमीचा कायदा. एकीकडे वीज गेली तर सामना पुन्हा, दुसरीकडे वीज गेली तर ज्याचा पडदा आधी विझला तो हरला. एकीकडे बाशिंग चालायचं, दुसरीकडे फक्त अंतिम सामन्यात, आणि तिसरीकडे यजमानांना चालायचं, पाहुण्यांना नाही! यात लाज वाटण्यासारखं काही आहे, असं कुणाच्याही मनात येत नव्हतं.

बाशिंग म्हणजे कपाळाला बांधायचा पट्टा, डोक्यावरून जाणारी कमान असलेला. त्याचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. पण ते बांधून, गुडघ्याला गुडघा लावून पोरं नवरदेवांसारखी ओळीनं बसायला लागल्यावर त्याला दुसरं नाव पडणं शक्यच नव्हतं.

खणीकडच्या तालमीनं त्या वर्षीचा चषक जिंकला. कर्णधार दिग्विजय निगवेकर स्टेजवर आला, दोन्ही हातांनी चषक डोक्यावर उचलायला गेला आणि तो त्याच्या हातांतून सुटून फळ्यांवर गडगडत गेला. सगळा मांडव हसला. "अरे, अजून अक्षता पडायच्यात, एवढ्यातच हात कापाय लागला व्हय?" असं कुणीतरी ओरडलं. दिग्विजयही हसला.

मुख्य पंच ऋतुजा सरनोबत मात्र हसली नाही. तिचा खरा व्यवसाय फिजिओथेरपीचा. माणसांचे हात बघण्यातच तिचे दिवस जात. चषक निसटला नव्हता, दिग्विजयची बोटं मिटलीच नव्हती, हे तिनं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला दवाखान्यात बोलावून घेतलं आणि एक शर्ट पुढे केला. "याची गुंडी लाव."

दिग्विजयनं प्रयत्न केला. बोटं गुंडीपाशी जात आणि काय करायचं ते विसरल्यासारखी थांबत.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दिग्या, तू शेंबडा होतास तेव्हापासून ओळखते मी तुला."

त्यानं शर्ट टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "दिवाळीपासनं. घरात कुणाला म्हाईत न्हाई. जेवताना नुसता भात खातो. भाकरी मोडंना झालीय, ताई."

बाशिंग कोल्हापुरात आणलं होतं ऋतुजानंच.

आपण हात हलवतो त्याच्या आधी मेंदूत त्या हालचालीची जुळवाजुळव सुरू होते. मग हुकूम सुटतो. मानेतून, दंडातून, मनगटातून बोटापर्यंत उतरतो. हा सगळा प्रवास पापणी लवण्याइतकाच, पण कडेलोटमध्ये तेवढ्यात माणूस गडावरून खाली गेलेला असतो. बाशिंग ती जुळवाजुळव वरच्या वर ओळखायचं आणि बोट हलायच्या आधीच पडद्यावरचा घाव घालायचं.

पण मेंदू मोठा कंजूष असतो. बोट हलण्याआधीच काम होतंय, हे त्याला काही महिन्यांत उमगतं. मग बोटाला हुकूम धाडायचा खटाटोप कशाला? तो ती वाट हळूहळू बंद करून टाकतो. आधी खेळताना, मग जेवताना, मग गुंडी लावताना. डॉक्टरांनी या प्रकाराला भलंमोठं नाव दिलं होतं. पोरं आपसात 'बोटं रुसली' एवढंच म्हणत. वेळीच बाशिंग सोडलं आणि हाताला पुन्हा कामाला लावलं, तर ती वाट उघडायची. उशीर झाला तर नाही. आणि उशीर कधी होतो, ते जगात अजून कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

मुळात ते निरोगी हातांसाठी केलेलंच नव्हतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं ते ऋतुजाच्या धाकट्या भावासारख्यांसाठी बनवलं होतं. विश्वजीतला, म्हणजे विशूला, लहानपणापासून स्नायू विरत जाण्याचा आजार. शाळेत असतानाच तो खुर्चीवर आला. चोविसाव्या वर्षी मान आणि आवाज एवढंच त्याच्या ताब्यात उरलं होतं. दिवा लावणं, खुर्ची फिरवणं ही कामं आवाजावर भागत, कारण त्यांना घाई नसते. घाई फक्त खेळात असते. ऋतुजानं पुण्याला खेटे घालून ते बाशिंग मिळवलं आणि एका दुपारी त्याच्या कपाळाला बांधलं. त्याची बोटं आधीच गेलेली. ती आणखी रुसणार कुठून?

वर्षभरात विशू पिंपळकट्टा तालमीचा कर्णधार झाला. ज्या पोराला उभी गल्ली 'बिचारा' म्हणायची, त्याला खणीकडची पोरं आता भर सामन्यात आईमाईवरून शिव्या घालू लागली. पहिली शिवी पडली त्या दिवशी तो घरी येऊन आईला म्हणाला होता, "आई, आज मला दिग्यानं काय शिवी हाणलीय म्हणून सांगू!" आणि इतका हसला, की त्याला ठसका लागला. तसा हसताना ऋतुजानं त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

मग खणीकडच्यांनी विचार केला, की विशूदा बांधतोय तर आपण का नको? यंत्र स्वस्त झालं, बाजारात आलं आणि घरोघरचे नवरदेव तयार झाले. एकाला सोडावंसं वाटलं तरी सोडता येईना. सोडलं की हार ठरलेली. म्हणून ते सुटायचं तर सगळ्यांचं एकदम सुटायला हवं होतं. सगळ्या तालमींना एक नियम हवा होता, आणि कोल्हापुरात नेमकी तीच गोष्ट मिळत नव्हती.

ऋतुजानं कंबर कसली. नियमांचा मसुदा केला, तालमी पालथ्या घातल्या, रुसलेल्या बोटांची चित्रफीत दाखवली. सगळ्यांनी हळहळून सह्या केल्या. पुढच्याच स्पर्धेत यजमान म्हणाले, "आमच्याकडं आमचा नियम." कागद चौकटीत जाऊन भिंतीवर बसला.

दुसऱ्या खेपेला गाडी एका पोटकलमावर अडली. ज्यांचे हात आजारानं आधीच गेलेले आहेत त्यांना डॉक्टरांच्या दाखल्यावर बाशिंग चालेल, असं तिनं लिहिलं होतं. ते वाचून पिंपळकट्ट्याचे वस्ताद, आबा घाटगे, यांनीच मान हलवली. विशूला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं.

"पोरी, विशूसाठी हाय ते कळतंय मला. पर हितं दाखला म्हंजे काय चीज हाय ते तुला ठावं न्हाई. शाळेला दाखला, रेशनला दाखला. उद्या निम्मं कोल्हापूर लुळं हुईल बघ."

बैठक हसत हसत मोडली. त्याच आठवड्यात दिग्विजयचा चहाचा पेला हातातून पडला आणि पाय भाजला.

तेव्हा ऋतुजाला ती कल्पना सुचली. कागद ही माणसं मानत नव्हती, पण भंडारा मानत होती. हातात हळदीचा भंडारा घेऊन दिलेला शब्द या भागात कुणी मोडत नाही. भावकीची भांडणं त्यावर मिटतात, निवडणुकीत फुटणारी माणसं त्यावर बांधली जातात. इतका सोपा उपाय आधी का सुचला नाही, याचंच तिला नवल वाटलं. शपथेचे शब्द तिनंच जुळवले आणि आधी विशूला म्हणून दाखवले.

"बाशिंग बांधून खेळणार नाही. बांधलेल्याशी खेळणार नाही. माझ्या तालमीत कुणाला बांधू देणार नाही."

"झ्याक जमलंय," विशू म्हणाला. "आणि मी?"

"तुझं वेगळं आहे. एकदा सगळे बांधले गेले, की तुझ्यापुरती सूट मागून घेऊ. तुला कोण नाही म्हणणार आहे?"

"मग आत्ताच घाल की त्यात."

"शपथेत पोटकलम कुठं घालू, विशू? एका दमात म्हणता आली पाहिजे ती. आपल्याकडून आबा उचलतील, तू फक्त बघायला ये."

विशूनं थोडा विचार केला. "बरं आक्का. तू हाईस म्हटल्यावर काय."

रविवारी सकाळी पिंपळकट्टा तालमीत सगळ्या तालमींचे वस्ताद आणि कर्णधार जमले. मारुतीसमोर परातीत भंडारा ओतलेला. विशूची खुर्ची दाराशी, उन्हात. आबांनी डोक्याचा पटका नीट केला आणि परातीकडे निघाले, तोच दिग्विजय उठून उभा राहिला.

"आबा, राग मानू नगा. पर तुम्ही कुठं खेळताय? खेळणाऱ्यानं उचलाय पायजे." मग तो दाराकडे वळला. त्याच्या आवाजात कसलाही डाव नव्हता. "विशूदाकडं बघूनच आम्ही बाशिंग बांधलं. त्यानं भंडारा उचलला तर आमचं सुटंल. न्हाईतर न्हाई सुटायचं, खरं सांगतो. आज उचलू आणि उद्या त्याला खेळताना बघून परत बांधू."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. दोघातिघांनी 'बरोबर हाय' म्हटलं. आबा परातीपाशीच थांबले.

ऋतुजाच्या ओठांवर वाक्य तयार होतं. 'त्याचं वेगळं आहे.' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढच्या क्षणी कुणाचं तरी आणखी वेगळं निघणार, मग तिसऱ्याचं, आणि बैठक मोडणार, हे तिला लख्ख दिसत होतं. दारात सगळ्यांच्या हातांवर साखर-फुटाणे ठेवले होते. दिग्विजय बोलत असताना त्याच्या मुठीतून फुटाणे एकेक करून खाली पडत होते आणि त्याला ते कळतही नव्हतं. ऋतुजा त्या हाताकडे बघत राहिली आणि बोलली नाही.

विशूनं तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ती काहीतरी म्हणेल याची तो वाट बघतोय, हे तिला कळत होतं.

मग तो म्हणाला, "आक्का, माझा हात न्हाई जात तिथवर. तूच ठेव माझ्या हातावर."

तिनं परातीतून चिमूट उचलली. त्याचा तळवा उताणा केला, त्यावर भंडारा ठेवला आणि सांडू नये म्हणून त्याची बोटं आपल्या बोटांनी मिटून धरली. विशूनं तिन्ही वाक्यं स्वच्छ आवाजात म्हटली, एका दमात. ती तशी म्हणता यावीत म्हणूनच तर तिनं लिहिली होती. त्याच्यामागून एकेक कर्णधार आला. 'चांगभलं'च्या गजरानं तालीम दणाणली, आणि आबा मारुतीकडे तोंड करून डोळे पुसत उभे राहिले.

शपथ कुणी मोडली नाही. जे सह्यांना जमलं नव्हतं ते चिमूटभर हळदीनं करून दाखवलं. भंडारा मानला तसे बाकीचे नियमही एक झाले. वीज गेली तर काय करायचं यावरसुद्धा कोल्हापूरचं एकमत झालं, आणि ते ऐकून सांगली-साताऱ्याकडून विचारणा येऊ लागल्या. ऋतुजाच्या दवाखान्यात संध्याकाळी पोरांची रांग लागायची. कुणी दोऱ्यात मणी ओवतोय, कुणी शेंगा सोलतोय. उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा दिग्विजयची आई पदरानं डोळे पुसत आली. "आज भाकरी मोडली त्यानं. माझ्यासमोर. चार तुकडं केलं आणि मला भरवलं," एवढं सांगून ती तिथंच बाकावर बसून रडली. ऋतुजाही रडली. त्या रडण्यात आनंदच होता, पण सगळा नव्हता.

ती आबांकडे गेली होती, विशूची सूट मागायला. सगळ्यांची तयारी होती. दिग्विजय तर म्हणाला, की मी पायानं चालत जोतिबाला जातो आणि सांगतो देवाला. आबांनीच हात जोडले.

"आम्ही लाख सूट दिऊ पोरी. आमच्या सुटीनं काय हुतंय? शब्द त्यानं दिलाय. कागद असता तर खोडला असता. भंडारा कसा खोडायचा? त्या दाखल्याच्या बैठकीत मी तुझ्या कलमाला मोडता घातला. तवाच 'असू दे' म्हटलो असतो, तर..." त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

घरी ती विशूला म्हणाली, "घरातल्या घरात खेळ की. कुणाला कळतंय?"

"देवाचं सोड, आक्का. दिग्याला कळंल. आणि मी बांधलेलं कळलं, की परवा तो बांधंल." मग म्हणाला, "बरं झाल्यात त्याची बोटं. बघितली मी."

तालमीनं त्याला 'मुख्य मार्गदर्शक' केलं. फलकावर त्याचा मोठा फोटो छापला. सामन्याला पहिल्या रांगेत त्याची खुर्ची मांडली जायची आणि खणीकडची पोरं येऊन त्याच्या पाया पडायची. कुणी शिवी द्यायचं नाही. विशू दोन सामन्यांना गेला. तिसऱ्याला, ऊन फार आहे म्हणाला. मग ऊन नव्हतं तेव्हाही गेला नाही.

एका दुपारी आई देवळात गेली होती आणि घरात दोघंच होती. ऋतुजा त्याचे पाय चोळत होती. विशू छताकडे बघत म्हणाला, "आक्का, एक इचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"त्या दिवशी तू गप का राहिलीस?"

उत्तर तिनं मनाशी कितीदा तयार केलं होतं. बैठक मोडली असती. एवढ्या पोरांचे हात गेले असते. तूही तेच केलं असतंस. सगळं खरं होतं. पण त्यानं खरं सांगशील का असं विचारलं होतं, आणि खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"दिग्याची बोटं दिसत होती मला. ती जायला लागली होती, आणि वाचवता येत होती." पाय चोळणारे तिचे हात थांबले. "आणि तुझं... तुझं सगळं गेलेलंच आहे, असं मी धरून चालले होते, विशू. लहानपणापासून. तुझ्याकडे आता जाण्यासारखं काहीतरी आहे, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातच आलं नाही."

बाहेर कुणीतरी भंगार मागत हातगाडी घेऊन गेलं. ती त्याच्या पायावर डोकं टेकून हुंदके देत राहिली. तिच्या पाठीवर हात ठेवणं काही त्याला शक्य नव्हतं.

"उठ," तो शेवटी म्हणाला. "खरं बोललीस ते बरं केलंस." माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि तिनंही विचारलं नाही. "ते बाशिंग पुण्याला परत धाडायचं म्हणत हुतीस न्हवं?"

"हो. तिथं दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"धाड. पर आधी एकदा बांध."

"विशू..."

"खेळत न्हाई. शपथ बांधून न खेळायची हाय, नुसतं बांधायची न्हाई. पडदा बंदच असू दे."

तिनं कपाटातून ते काढलं, पदराच्या टोकानं पुसलं, त्याच्या कपाळावरचे केस मागे सारून बांधलं. बाशिंगाच्या कडेला मोहरीएवढा हिरवा दिवा असतो. डोक्यात हालचालीची जुळवाजुळव झाली की तो लागतो, नाहीतर विझलेला असतो. काही वेळ तो विझलेलाच होता. विशूनं डोळे मिटले. दिवा एकदा लागला. मग पुन्हा. मग भराभर लागायला लागला, विझायला लागला, मध्येच थांबून दबा धरल्यासारखा, आणि परत भराभर.

मांडीवर त्याचे दोन्ही हात होते तसे पडून होते. समोर काळा पडदा. ऋतुजा बाजूला स्टुलावर बसून त्या दिव्याकडे बघत राहिली. तो कुठला गड चढतोय, ते तिला विचारवलं नाही.